शांततेचा वार मंगळवार

पुणेकराच्या लेखी खडकवासला हे गाव नाहीच, तो एक आकडा आहे. उन्हाळ्यात हा आकडा उतरू लागला की शहराचा रक्तदाब चढतो आणि जुलैत आकडा चढू लागला की रक्तदाब उतरतो. पेपरात रोज धरणांची चौकट येते. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. त्यात आमच्या खडकवासल्याचा वाटा अवघा १.९७ टीएमसी, म्हणजे चौघांत हेच सगळ्यात किरकोळ. पण वरच्या तिघांचं पाणी याच्याच दारातून खाली जातं, त्यामुळे भाव याला. पुण्यात कित्येक ठिकाणी असंच चालतं. काम कुणी केलं हे फारसं कुणी विचारत नाही, शेवटची सही कुणाची ते बघतात.

या आकड्यात राहायला गेल्यापासून माझाही भाव वाढला. एरवी वर्षभर ज्यांना माझी आठवण होत नाही ते नातेवाईक जुलैत न चुकता फोन करतात. ‘काय रे, बरा आहेस ना?’ हा प्रश्न उत्तराची वाट न बघता विचारला जातो आणि लगेच पुढचा येतो, ‘किती भरलं?’ माझ्या गॅलरीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, धरण दिसत नाही. पण एवढ्या आशेनं फोन करणाऱ्याला निराश कसं करायचं? मी गॅलरीत जाऊन टॉवेल किती ओले आहेत ते बघतो आणि सांगतो, ‘भरत आलंय.’ सदाशिव पेठेतले एक मेहुणे तर भिडे पूल पाण्याखाली गेला का, हेही मलाच विचारतात. त्यांच्या घरापासून भिडे पूल चालत पाच मिनिटांवर आहे. पण किती हजार क्युसेकनं सोडलंय हे कळल्याशिवाय छत्री घेऊन निघायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नाही.

आम्ही इथे राहायला आलो ते शांततेसाठी. बिल्डरच्या रंगीत पुस्तकात ‘शांत’ हा शब्द प्रत्येक पानावर होता आणि शेवटच्या पानावर तळ्याचा फोटो होता. तळं खरं आहे, फोटोही खरा आहे. तो नेमका कुठून काढला हे मात्र आमच्यापैकी कुणालाही सापडलेलं नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून सिंहगडाकडे पाठ केली आणि टाचा उंचावल्या तर पाण्याची एक चकाकती रेघ दिसते, असं सेक्रेटरी सांगतात. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था पाहता त्यांना हे कुणीतरी सांगितलेलं असणार.

नारायण पेठेतल्या आत्याला आमचा हा निर्णय कळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘अरे, वाळवंटात कशाला जाताय?’ आत्याचा भूगोल पक्का आहे. दांडेकर पुलापर्यंत पुणे. विठ्ठलवाडीला आषाढीला जाऊन यायला हरकत नाही. धायरी फाटा म्हणजे परगाव. आणि किरकटवाडी, कोल्हेवाडी, डोणजे, गोऱ्हे ही सगळी नुसती एसटीच्या पाटीवर वाचायची नावं. २०२१ साली ३० जूनला तेवीस गावं पुणे महापालिकेत आली आणि त्यात खडकवासलाही आलं. ही बातमी मी तिला मुद्दाम वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘नकाशात घेतलं म्हणून वाळवंटाची तुळशीबाग होते का?’

पहिल्या उन्हाळ्यात मला आत्याचं म्हणणं पटायला लागलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण ज्यानं केली तो आमच्याच सोसायटीत राहात असावा. जवळजवळ अख्ख्या पुण्याचं पिण्याचं पाणी आमच्या नाकासमोरून जातं. उजवा कालवा तर शहर ओलांडून, हडपसर मागे टाकून, पार दौंड-इंदापूरपर्यंत पोचतो. इंदापूरच्या उसाला आमच्या दारातून पाणी जातं याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या इमारतीत मात्र टँकर येतो. का येतो, याची चर्चा दर वार्षिक सभेत होते, आणि सभा संपायच्या आत टँकर आल्यामुळे ती अर्धवट राहते, कारण गाडी काढून जागा करायला सगळे खाली पळतात.

टँकरचं वेळापत्रक कुणालाही ठाऊक नसतं. पण त्याची चाहूल वॉचमनच्या आधी बायकांना लागते. गल्लीच्या तोंडाशी गिअर बदलल्याचा तो एक विशिष्ट कण्हण्याचा आवाज आला की चौथ्या मजल्यावरून हाक येते, ‘आला!’ मग बादल्यांचा, नळ सोडून बघण्याचा, मोटारीचा आणि ‘अहो, आधी बी विंगची टाकी’ असा क्रमाने आवाज. टँकरवाले दादा पाइप जोडून देतात आणि निवांत बिडी ओढत बसतात. एवढ्या कासावीस माणसांमध्ये एवढा स्वस्थ चेहरा मी फक्त मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा पाहिला आहे.

याच धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारं बसवली होती. हे विश्वेश्वरय्या पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. धरणाची उंची न वाढवता साठा वाढवायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी अशी दारं केली की पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ती आपली आपण उघडायची आणि पूर ओसरला की आपली आपण मिटायची. तेव्हा या तलावाला ‘लेक फाइफ’ म्हणत, बांधणाऱ्या साहेबाच्या नावावरून. पुढे १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात काय झालं ते घरोघरच्या आज्यांनी सांगितलेलं आहे, तिथे विनोद करायची माझी शामत नाही. मला सांगायचं आहे ते दारांचं. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं पाणी भरल्यावर आपोआप कळणारी यंत्रणा याच गावात बसवून दाखवली. आमच्या सोसायटीत टाकी भरली हे आजही पार्किंगमधल्या गाड्यांवर धबधबा कोसळल्यावर कळतं.

आणखी एक गंमत. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आमच्या शेजारी आहे. १९१६ सालची संस्था. देशातल्या धरणांची, बंदरांची, नद्यांची छोटी मॉडेलं तिथे मोठमोठ्या शेडमध्ये बांधतात आणि त्यांतून पाणी सोडून पुढे काय होईल ते बघतात. मापात केलेले सांडवे, मापात केलेला समुद्र, मापात केलेल्या लाटा. आमच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा ते पाहून आल्या. कशा काय होत्या लाटा, असं विचारल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, ‘चांगला फोर्स आहे हो.’

पाण्याचं हे असं. पण आलो होतो शांततेसाठी, आणि ती मात्र मिळाली. सोमवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या बस आणि नोकरीवाले गेले की अशी शांतता पडते की स्वतःच्या फ्रिजची ओळख होते. आमचा फ्रिज दर काही वेळानं खाकरतो, हे पेठेत असताना आम्हाला कळलंच नव्हतं. चांगला चालता फ्रिज बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावणारी माणसं आमच्या इमारतीत आहेत.

पण शांततेचा खरा त्रास वेगळा आहे आणि तो बिल्डरच्या पुस्तकात कुठल्याही पानावर नव्हता. पेठेत आवाज हा पडदा होता. खाली रिक्षा, समोर मंगल कार्यालय, बोळात क्रिकेट, ऑगस्ट उजाडला की नदीकाठी ढोलपथकांचा सराव. या पडद्याआड माणूस सुखानं घोरत होता, शिंकत होता, बायकोशी मनसोक्त भांडत होता. भिंतीला भिंत लागून असूनही शेजारच्या घरात काय चाललंय याचा पत्ता लागत नसे. पत्ता लावण्यासाठी मुद्दाम विरजण मागायला जावं लागे. इथे विरजणाची गरज उरलेली नाही. कुकरच्या शिट्या सगळी इमारत मोजते. तीन झाल्या की भात, पाच झाल्या की राजमा किंवा छोले, आणि सात झाल्या की गॅस बंद करायला सांगणारा फोन जातो.

नवीन आलो तेव्हा एकदा जेवताना मी बायकोला म्हणालो, ‘आमटीत मीठ कमी आहे का ग?’ आवाज चढवला नव्हता. सूर तक्रारीचा नव्हता, जिज्ञासेचा होता. संध्याकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, ‘मग? पडलं का मीठ?’

तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं खुणांनी होतं. सासरच्या माणसांबद्दल भुवया, पैशांबद्दल बोटं, आणि मुलाच्या मार्कांबद्दल नुसतं बघणं. पण भांडण खुणांनी होत नाही. भांडणाला स्वर लागतो. त्यावर आमच्या इमारतीनं एक तोडगा काढला आहे. ठराव वगैरे कुणी केलेला नाही, पण सगळे पाळतात. भांडणं शनिवार-रविवारवर टाकायची. आठवडाभर ‘हे शनिवारी बोलू’ असं म्हणून मुद्दे साठवायचे. शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला पुण्याकडून गाड्यांची रांग लागते, हॉर्न सुरू होतात, आणि त्या भरवशाच्या आवाजाआड घरोघरी दारं लोटून कामाला सुरुवात होते. याचा एक फायदा असा की शनिवारपर्यंत निम्मे मुद्दे आठवतच नाहीत. तोटा असा की बायकोला आठवतात.

एका पावसाळ्यात अंदाज वाईट होता म्हणून आमच्या भागात पर्यटकांना बंदी घातली. शनिवार गेला, रविवार गेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इमारतीत त्या दोन दिवसांत जो ताण होता तो सांगून समजायचा नाही. घराघरात साठा शंभर टक्के, आणि विसर्ग करायला जागा नाही. शेवटी रविवारी रात्री वीज गडगडली तेव्हा चार-पाच बिऱ्हाडांनी एकदमच आवाज मोठे करून घेतले.

शांततेचा पाहुण्यांवर होणारा परिणाम तर बघण्यासारखा असतो. आत्या एकदाच मुक्कामाला आली. लक्ष्मी रस्त्याच्या हाकेच्या अंतरावर जन्म काढलेली बाई. साडेदहाला दिवे मालवले. अकराला ती उठून पाणी प्यायली. साडेअकराला तिनं पंखा लावायला सांगितला. बाहेर डिसेंबरची थंडी होती, अंगावर दोन रजया होत्या. म्हणाली, ‘वारा नकोय रे, घरघर हवीये. इतकं गप्प गप्प कुणी गेल्यावरच असतं.’ बारा वाजता टिटवी ओरडली तेव्हा कुठे तिला माणसांत आल्यासारखं वाटलं.

टिटवीचं नाव निघालं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांविषयी सांगायला हवं. काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि शांततेचा शब्दशः पाठपुरावा करायला इथे आले. सरकारी माणूस असल्यामुळे त्यांनी आधी नियम वाचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. काकांनी फोनमध्ये डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं, रेघा मारून वही केली आणि गॅलरीत खुर्ची टाकली.

माणसं नियमात बसली. पक्षी बसले नाहीत. टिटवी रात्री पावणेदोनला मर्यादेच्या बाहेर. कोकीळ चैत्र-वैशाखात पहाटे चारपासून, तेही एकेक पट्टी चढवत. काकांचं कोकिळेबद्दलचं मत सगळ्या मराठी कवितेच्या विरुद्ध आहे. आणि मोर. पलीकडे एनडीएच्या रानात मोरांची वस्ती आहे, तळ्याच्या तिथल्या एका भागाचं नावच ‘पीकॉक बे’. मोराचा आवाज चित्रात दिसत नाही, म्हणून लोकांचा त्याच्याविषयी गैरसमज आहे. पहाटे तो ओरडतो तेव्हा कुणीतरी भल्या मोठ्या मांजराच्या शेपटीवर पाय दिला असावा असं वाटतं. तक्रार करावी तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याचं नाव. वर तो राष्ट्रीय पक्षी. काकांनी वहीत त्याच्यापुढे नुसतं ‘वरिष्ठ’ असं लिहून ठेवलं.

पावसाळ्यात बेडूक सुरू झाल्यावर काकांनी एका रात्री गॅलरीतून ओरडून विचारलं, ‘कोण आहे रे तिकडे?’ बेडूक क्षणभर थांबले. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा तोच होता. काका प्रामाणिक माणूस. त्यांनी तो वहीत लिहिला आणि शेरा मारला, ‘अपवादात्मक परिस्थिती.’

शिस्त बघायची तर तळ्यापलीकडे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, कोनशिला पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ ला बसवली. तिथली घुमटाची प्रसिद्ध इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदाननं एक लाख पौंड दिले, त्यातून ती उभी राहिली. तिला लावलेला लाल दगड जोधपूरचा. पैसे सहाराच्या कडेचे आणि दगड थरच्या कडेचा. हे आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मी काय म्हणत होते?’

या शेजाऱ्यांची शांतता आमच्यापेक्षा वरच्या दर्जाची आहे. हजारो एकर रान, हुकूम आणि हुकमाच्या मधली चूपचाप. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या शेवटी, पासिंग आउट परेड होते आणि संचलनाच्या वेळी हवाई दलाची विमानं वरून जातात. त्याआधी सरावही असतो. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की आमच्या काचा थरथरतात, कुत्री पलंगाखाली जातात आणि काकांच्या अ‍ॅपचा काटा उजवीकडे टेकून राहतो. पण त्याची नोंद काका वहीत करत नाहीत. त्या दिवशी ते गॅलरीत ताठ उभे असतात. ‘हा आवाज नाही,’ ते म्हणतात. मग काय आहे, हे विचारायची प्राज्ञा नाही.

हे सगळं सोमवार ते शुक्रवारचं. शनिवारी दुपारपासून पुणं शांतता शोधायला बाहेर पडतं. शांततेसाठी इकडे यायची प्रथा काही आजची नाही. लोकमान्य टिळकांचा सिंहगडावर बंगला आहे, उन्हाळ्यात ते विश्रांतीसाठी गडावर येत. तिथेही भेटणारे पोचायचे, गांधीजीसुद्धा वर येऊन भेटून गेले. पण तेव्हा गड पायी चढावा लागे, त्यामुळे ज्याला खरंच काही बोलायचं आहे तोच येई. आता डोणज्यावरून गाडी वर जाते. ज्यांना काहीच बोलायचं नाही ते स्पीकर घेऊन येतात.

एकदा अशाच एका रविवारी गाडीतून काच खाली करून एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘काका, इथे जवळपास शांत जागा कुठे आहे?’ गाडीत गाणं लागलं होतं, त्यामुळे त्यांना हा प्रश्न ओरडून विचारावा लागला. मागच्या सीटवर दोन मुलं एका चिप्सच्या पाकिटावरून हमरीतुमरीवर आलेली. पुढे आजी. आजींच्या मांडीवर स्टीलचा पाच ताळी डबा. मी ओरडून सांगितलं की पुढे धरणाच्या काठानं कुठेही थांबा. ‘नाही हो, तिथे फार गर्दी असते,’ ते म्हणाले. गर्दीतल्या प्रत्येक गाडीत हेच वाक्य चालू असतं. नंतर ते कुटुंब मला तळ्याकाठी दिसलं. रस्त्याला अगदी लागून चटई अंथरलेली, कारण गाडीवर लक्ष राहिलं पाहिजे. डबा उघडलेला, गाणं तेच, मुलं आता कणसावरून भांडत होती. गृहस्थांनी छाती भरून श्वास घेतला, त्यात समोरच्या शेगडीचा अर्धा धूर आत गेला, आणि खोकत खोकत ते आजींना म्हणाले, ‘आई, बघ किती शांत आहे!’ आजींनी कानाला हात लावून विचारलं, ‘काय?’

ती शेगडी ज्यांची, त्या मावशींना या विषयातलं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. धरणाच्या बाजूला चौपाटीवर त्यांची गाडी असते. एका हातानं शेगडीचा पंखा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कणीस फिरवायचं, ठिणग्या उडत असताना गिऱ्हाइकाशी भावावर बोलायचं आणि अर्ध्या लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावरून अशी ओढायची की एकही दाणा सुका राहू नये. त्यांना एकदा एका तरुण जोडप्यानं विचारताना मी ऐकलं, ‘मावशी, कायम अशीच गर्दी असते का हो इथे?’

‘मंगळवारी या की,’ मावशी म्हणाल्या. ‘मंगळवारी काळं कुत्रं नसतं.’

‘मग मंगळवारीच येऊ,’ ती मुलगी आनंदानं म्हणाली.

‘या. पण मंगळवारी कणीस नसतं.’

दोघं थोडा वेळ विचारात पडली. मग त्यांनी आणखी एक कणीस सांगितलं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे ती मुख्य रस्त्याला मिळते, तिथे रविवारी गाड्या लावायला सुरुवात झाली. गाडी लावायची, पाय मोकळे करायचे, सेल्फी काढायचा, उरलेलं तिथेच टाकायचं. टँकर आत येईना. टँकर येईना म्हटल्यावर प्रश्न शांततेचा राहिला नाही, अस्तित्वाचा झाला. तातडीची सभा बोलावली. साखळी लावावी, कुंड्या ठेवाव्यात, वॉचमनला शिट्टी द्यावी, अशा सूचना आल्या. शिट्टीला काकांनी हरकत घेतली. शेवटी पुणेकर ज्या उपायाशी येतात त्याच उपायाशी आम्ही आलो. पाटी लावायची.

मजकूर काय असावा यावर आठवडाभर ग्रुपवर वाद झाला. ‘कृपया शांतता राखा’ हे कुणालाच पसंत पडलं नाही, कारण ते इस्पितळात लिहितात. ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ हे कायद्यात बसेना. एका वहिनींनी सुचवलेलं ‘अतिथी देवो भव, पण देवळात’ हे बरं होतं, पण देवळाच्या ट्रस्टींपैकी एक जण आमच्याच इमारतीत राहतात. मग काकांनी एका रात्रीत मजकूर केला. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत तो रंगवून घेतला आणि वळणावर रोवला:

‘आपण शांतता शोधत आला आहात. आपण येईपर्यंत ती येथेच होती.’

पहिल्या शनिवारी तीन गाड्या थांबल्या. माणसं उतरली, पाटी वाचली, हसली, पाटीसोबत फोटो काढला आणि गेली. दुसऱ्या शनिवारी तो फोटो पुणेरी पाट्यांच्या कुठल्याशा संग्रहात फिरतोय असं माझ्या मुलानं दाखवलं. तिसऱ्या रविवारी पाटीपाशी रांग होती. लग्नाआधीचे फोटो काढणारे आले. ते मुलीला पाटीच्या डावीकडे आणि मुलाला उजवीकडे उभं करून ओठांवर बोट ठेवायला सांगतात आणि ‘अजून शांत, अजून शांत!’ असं ओरडतात. टँकर मागच्या शेताच्या वाटेनं यायला लागला. मावशींनी धरणाकाठची गाडी हलवून पाटीशेजारी आणली, कारण धंदा तिकडेच होता.

काकांनी वही बंद केली. पण संध्याकाळी ते खाली उतरतात, पाटीपासून जरा अंतर ठेवून उभे राहतात आणि वाचणारे नेमके कुठल्या शब्दावर हसतात ते बघतात. मजकूर यांचा, हे मावशींनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं आहे, त्यामुळे दोघा-चौघांनी त्यांच्यासोबतही फोटो काढून घेतले. काकांना कणीस फुकट मिळतं. दात नसल्यामुळे मावशी त्यांना कोवळं बघून देतात.

परवा मी तिथेच होतो. मावशींनी कणीस शेकता शेकता आवाज खाली आणला, एवढ्या गोंगाटात तो आम्हालाच जेमतेम ऐकू आला. ‘काका, दुसरी पाटी कधी लावताय?’

‘दुसरी कशाला?’

‘तिकडं गोऱ्ह्याच्या वळणावर. माझ्या जावेला गाडी लावायचीय.’

काकांनी खिशातून पेन काढलं आणि मावशींकडे कागद मागितला.